डाल्याखालचा कुकुडकोंबा

आदल्या पावसाळ्यात गोगलगाईंनी मनकर्णाला रडकुंडीला आणलं होतं. आरमोरीपासून कोसभरावर, नाल्याच्या काठाला तिची आणि तिच्या नवऱ्याची, नानाजीची, भाजीची बाडी होती. धान तर सगळेच लावत. पण वांगी, मिरच्या, दोडके पिकवावेत ते या दोघांनीच, असं आरमोरीच्या बाजारात लोक म्हणत. त्या वर्षी मात्र रोप वीतभर व्हायच्या आत वाफे साफ झाले. संध्याकाळी हिरवेगार वाफे बघून झोपावं, आणि सकाळी नुसत्या काड्या उभ्या. मातीवर चिकट, चकाकणाऱ्या रेघा. मनकर्णाने राख पसरली, चुना टाकला, टोपल्या भरभरून गोगलगाई वेचल्या आणि नाल्यापलीकडे नेऊन ओतल्या. राख पावसाने वाहून जाई, आणि रात्रीतून नव्या टोपलीभर गोगलगाई पानांवर चढलेल्या असत.

यंदा तसं झालं नाही. का झालं नाही, तेही मनकर्णाला ठाऊक होतं. कुंपणातल्या बांबूच्या बेटात कुकुडकोंब्याची जोडी राहायला आली होती. शिकलेले लोक त्याला भारद्वाज म्हणतात. कावळ्याहून मोठा, काळाभोर, विटकरी पंखांचा आणि गुंजेसारख्या लाल डोळ्यांचा हा पक्षी उडतो कमी, चालतो जास्त. सकाळी ऊन वर आलं की तो वाफ्यांमधून पाटलासारखा संथपणे फिरायचा. पानं उलटायचा, दगडाच्या सांदीत डोकवायचा, आणि गोगलगाय सापडली की चोचीने शंख फोडून आतलं मांस ओढून काढायचा. बांधाच्या कडेला फुटक्या शंखांचा खच पडला होता. यंदा वांग्याचं रोप गुडघ्याला लागलं, तरी मनकर्णाला राखेची टोपली हातात घ्यावी लागली नव्हती.

चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेल्यानंतरचा पहिलाच पावसाळा होता. आखाडीचा सण झाला आणि मनकर्णाची लेक कमळा सासरहून आली.

म्हणजे आणून सोडली गेली. जावई भैयाजी चिमूरकडचा, स्वभावाने गरीब. त्याने ओसरीवर तिचं बोचकं ठेवलं, चहा घेतला, आणि बशीकडे बघत म्हणाला, "बरी झाली का घिऊन जातो." कमळा तोवर खोकत होती. पहाटे सुरू होणारा, छातीतून शिट्टी वाजवत येणारा कोरडा खोकला. चार महिन्यांपूर्वी गुबगुबीत असलेल्या पोरीच्या गळ्याखाली हाडं दिसायला लागली होती. सासूने तिचं ताट वेगळं केलं होतं. कमळेने ते स्वतःच सांगितलं, पोळी कुणी कशी लाटली हे सांगावं तितक्या सहज.

त्या खोकल्याचं नाव घरात कुणी घेतलं नाही. गावातल्या एका लेकीला मागच्या वर्षी चांद्याच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे नाव निघालं, आणि त्यानंतर तिच्या सासरचं कुणी तिच्या दारात फिरकलं नाही. मनकर्णाने मनाशी ठरवूनच टाकलं होतं की आपल्या पोरीला त्या दवाखान्याची पायरी दाखवायची नाही. नाव निघालं नाही, तर भैयाजी कधीतरी येईल तरी.

नानाजीची बहीण आशाबाई एकाच अंगणात राहायची. तिची नातवंडं दिवसभर या घरातून त्या घरात पळत. आशाबाईने पोरांना हाका मारून आत घेतलेलं कमळेने बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "माय, मी बाडीतल्या खोपडीत राह्यतो. तिथी हवा बी चांगली हाय."

त्यामुळे कमळा बाडीतल्या राखणीच्या झोपडीत राहायला गेली. बाप रात्री खोपडीच्या दाराशी खाट टाकून झोपायचा, आई दिवसभर वाफ्यांत असायची. पण बोलायला फारसं कुणी नव्हतं, म्हणून कमळा बघत बसायची. एका दुपारी मनकर्णा भाकर घेऊन आली तेव्हा तिने तीन शंख ओळीने मांडून ठेवले होते.

"माय, हे पाय. हा कुकुडकोंब्यानं फोडला. या शंखाची कड कुरतडली हाय, थे चिचुंद्रीचं काम. अन् हा पाय, सगळा साबूत हाय. पण आत काईच नाई."

"मंग त्याले कोणं खाल्लं?"

"एक अळी हाय. काळी, चपटी, शेपटाले बारीक उजेड असते तिच्या. गोगलगाईच्या अंगावर बसते अन् आतच्या आत खाते. मंगरूभाऊ सांगे, तिचाच पुढं काजवा होते."

मंगरू म्हणजे नाल्यापलीकडच्या जंगलातल्या टोल्यावरचा, म्हणजे छोट्या वस्तीवरचा, गोंड. टोपल्या, मध, मोहफुलं घेऊन तो बाजाराला जायचा, आणि जाता-येता बाडीत टेकायचा. मनकर्णाने तो साबूत शंख हातात घेतला. हलका, कोरडा, कागदासारखा. तिने तो पटकन खाली ठेवला आणि कमळेच्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "जेव आता. गार होते."

कमळेला कुकुडकोंब्याची सगळी दिनचर्या पाठ झाली होती. नर कोणता, मादी कोणती, बेटातल्या घरट्यात पिल्लं कधी निघाली, कोण कितीदा गोगलगाय घेऊन जातं. ते सांगताना तिचा आवाज जरा मोकळा व्हायचा, आणि मग खोकल्याची उबळ यायची.

पंधरवड्याने आशाबाई मनकर्णाजवळ येऊन बसली. बाई वाईट नव्हती. तिला पोरीची काळजी होतीच.

"वहिनी, एक सांगू काय? कुकुडकोंब्याचं मटण चारलं का छातीचा खोकला जाते. माह्या सासऱ्याचा गेला होता. अन् तुह्या तं बाडीतच हाय."

मनकर्णाने रात्री हे नानाजीला सांगितलं, आणि नानाजीने एका क्षणाचाही विचार केला नाही. "पोरीच्या जिवापुढं पाखराचं काय," तो म्हणाला. ते खरंच होतं. मनकर्णालाही तसंच वाटलं. गोगलगाईंनी सगळी बाडी खाल्ली तरी चालेल, पोरगी राहिली पाहिजे. तरी सकाळी नाला ओलांडून मंगरूच्या टोल्याकडे जाताना तिचे पाय जड झाले होते.

मंगरू अंगणात बांबू सोलत बसला होता. त्याने ऐकून घेतलं.

"पकडाले काई कठीण नाई, बाई. गोगलगाय ठेवली का थो येतेच. पण आता त्याची पिल्लं हायेत बेटात."

"मले माहीत हाय."

"अन् खोकला जाईनच असं मी नाई सांगत. माह्या भावाले चारला होता आमी."

"मंग?"

"नाई गेला त्याचा." मंगरूने बांबूची कामटी बाजूला ठेवली. "पण लोकं म्हणते कोणाचा जाते. तू म्हणशीन तं देतो पकडून. पोरगी तुही हाय."

मनकर्णा म्हणाली, "लाव फास."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. नानाजी वांग्यांची पोती गाडीत घालून आरमोरीला गेला. कमळा कपडे धुवायला नाल्यावर गेल्याची संधी साधून मंगरूने बांधाजवळ घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास मांडले आणि मध्ये दोन जिवंत गोगलगाई ठेवल्या. त्याला फार थांबावं लागलं नाही. रोजच्या वाटेने कुकुडकोंबा आला, एकदा मान वाकडी करून बघितलं, पुढे पाऊल टाकलं आणि अडकला. पंखांची एकच फडफड झाली. मंगरूने त्याला कोंबड्या झाकायच्या डाल्याखाली घातलं, वर दगड ठेवला, आणि "मारणं मले नको सांगू, नानाजी आला का थोच पायन," असं म्हणून तो निघून गेला.

मनकर्णा डाल्याशेजारी बसली. कामट्यांच्या फटीतून एक लाल डोळा तिच्याकडे बघत होता. बांबूच्या बेटातून मादी हाका मारायला लागली. खोल विहिरीत कुणी घुमावं तसा तो आवाज, एकामागून एक, आणि मग थांबून पुन्हा. डाल्याखालून उत्तर आलं नाही.

कमळा ओल्या कपड्यांचा पिळा खांद्यावर घेऊन आली तेव्हा तिने आधी बेटाकडे बघितलं, मग डाल्याकडे. वाकून तिने डाल्याची कड थोडी उचलली आणि परत टेकवली.

"माय, हा इथी काऊन?"

"औषध हाय."

"कोणाचं?"

कमळेने कपडे दोरीवर टाकले, एकेक झटकून, नीट पसरून. मग आईसमोर येऊन बसली.

"मी नाई खाणार."

"कमळे, जिद नको करू. तुह्या बापानं किती आशेनं..."

"मी याले खाल्लं अन् खोकला नाई गेला, तं मंग काय करशीन? मादीले पकडशीन? मंग पिल्लाईले?" तिला उबळ आली. ती ओसरेपर्यंत दोघी थांबल्या. "माय, तुमी सगळे माह्यापासून एक नाव लपवून राह्यले. मी रोज त्याच नावासंग उठतो, त्याच नावासंग झोपतो. मले चांद्याले ने. छातीचा फोटो काढू दे. जे असन थे एकदा कानानं आयकू दे."

"अन् थेच असन तं?"

"तं असन. आता बी मी तसंच समजून जगून राह्यली नाई काय?"

आपण पोरीला वाचवतो आहोत असं मनकर्णाला इतके दिवस वाटत होतं. पोर एकटीच त्या भीतीशेजारी बसून राहिली होती, आणि आपण तिला भाकर नेऊन देत होतो, एवढंच. तिने पदराने तोंड पुसलं, विळा आणला आणि डाल्यावरचा दगड बाजूला केला.

पायात रुतलेला फास सोडवायला हात घालावा लागला. कुकुडकोंब्याने तिच्या अंगठ्याजवळ कडकडून चोच मारली. रक्त आलं, पण तिने पकड सोडली नाही. कमळेने पंख धरले, मनकर्णाने विळ्याच्या टोकाने केस कापला. पक्षी सुटला तो उडालाच नाही. लंगडत, मातीत पंख फरफटत चालत गेला आणि बेटात दिसेनासा झाला.

संध्याकाळी नानाजी आला. त्याने उताणं पडलेलं डालं बघितलं.

"कुठी गेला?"

"सोडला मी. उद्या चांद्याले जातो आमी दोघी. वडशापर्यंत गाडी जुंपून द्या."

नानाजीने पाय धुतले. बराच वेळ धुतले, पाण्यात काही शोधावं तसे. जेवायला बसला आणि तसाच उठला. मनकर्णाला वाटलं, हा आता बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. पोरीच्या तोंडचं औषध आपण आपल्या हाताने सोडून दिलं, आणि उद्या डॉक्टरने तेच नाव घेतलं तर हा माणूस जन्मभर आपल्याकडे कसा बघेल, हे तिच्या मनातून जाईना.

सकाळी उठली तर गाडीच्या आखाला वंगण घातलेलं होतं. गाडीत तणस पसरून वर घोंगडी अंथरली होती आणि पावसासाठी बांबूच्या कमानीवर ताडपत्री बांधली होती. नानाजी बैलांना पाणी पाजत होता.

"मी बी आलो असतो," तो म्हणाला, "पण बाडी..."

"बाडी पाहा तुमी. मी हावो ना तिच्यासंग."

वडशाला नॅरोगेजची छोटी रेल्वेगाडी मिळाली. वैनगंगेचा पूल आला तेव्हा कमळा खिडकीशी सरकून खाली बघत बसली. नदी तांबड्या पाण्याने काठोकाठ भरली होती. नागभीडला गाडी बदलून दोघी चांद्याला पोचल्या आणि धर्मशाळेत उतरल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात छातीचा फोटो निघाला, बोटातून रक्त घेतलं, आणि उद्या या म्हणून सांगितलं. त्या रात्री मनकर्णा डोळे मिटून पडून होती. कमळा मात्र गाढ झोपली. पहाटेच्या उबळीपर्यंत तिने कूस बदलली नाही.

डॉक्टर तरुण होता, नागपूरकडचा. त्याने काळा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मनकर्णा फोटोकडे बघतच नव्हती. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि त्या चेहऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याने दुसरा कागद वाचला. कमळेला विचारलं, "खोकला पहाटे जास्त येतो? छातीत शिट्टी वाजते?"

"हो जी."

"टीबी नाही," तो म्हणाला.

मनकर्णा खाली बसली. बाक होता, पण तिला बाक दिसला नाही. ती फरशीवरच बसली. डॉक्टरला वाटलं हिला उलटंच ऐकू आलं. तो खुर्चीवरून उठून जवळ आला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "बाई, टीबी नाही. तो आजार नाही. रक्तात एक दोष झाला आहे, त्याने दम्यासारखा खोकला येतो. आपल्या भागात असे रोगी येतात. मी गोळ्या देतो, रोज नेमाने घ्यायच्या. खोकला जाईल, वजनही भरेल."

"आयकलं जी," मनकर्णा म्हणाली. "मी आयकलं." आणि मग, थोड्या वेळाने, "तिचं ताट वेगळं ठेवाचं काय?"

"कशाला? अजिबात नको."

कमळा भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही, हसलीही नाही. तिने लांब श्वास घेतला, तो अर्ध्यावर खोकल्यात अडकला, आणि खोकता खोकताच तिने आईला हात देऊन उठवलं. बाहेर पडल्यावर दोघींना एकदमच भूक लागली. स्टेशनच्या वाटेवर एका हॉटेलात त्यांनी एकाच बशीत आलूपोहे घेतले, वर झणझणीत तर्री ओतून. मनकर्णाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा हॉटेलवाला म्हणाला, "बाई, तर्री जास्त झाली काय?" कमळा म्हणाली, "नाई भाऊ, अजून टाका."

वडशाच्या फलाटावर नानाजी उभा होता. कोणत्या गाडीने येणार हे त्याला कुणी कळवलेलं नव्हतं. तो कालही येऊन गेला होता. तो नुसता बघत राहिला. मनकर्णा त्याच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "थे नाई हाय. गोळ्याईनं बरी होते म्हणे."

नानाजीने मान हलवली आणि तो वळून बैलांकडे गेला. जुवाची दोरी नीट बांधलेली होती. ती त्याने सोडली, पुन्हा बांधली, परत सोडली. मायलेकी गाडीत बसून वाट बघत राहिल्या. कुणीच घाई केली नाही.

वाटेत तो एवढंच बोलला, "एक वाफा खाल्ला गोगलगाईंनी. दोन दिवस पाखरू बाहेर नव्हतं आलं. काल आलं. लंगडते थोडं, पण फिरते."

"खाऊ द्या एक वाफा," मनकर्णा म्हणाली.

गोळ्यांनी पहिल्या आठवड्यातच गुण दिला. पहाटेचा खोकला आधी तुटक झाला, मग एखाद्या पहाटे आलाच नाही. कमळा खोपडीतून घरी परतली. आशाबाईने स्वतः येऊन तिचं अंथरूण उचललं आणि आपल्या नातवंडांना हाक मारून म्हणाली, "जा रे, आत्याजवळ बसा." ती ओशाळली होती, आणि कमळेने ते दिसू दिलं नाही. बेटातली पिल्लं तोवर खाली उतरली होती. आईबापांच्या मागे मागे बेढब उड्या मारत ती वाफ्यांत हिंडायची, आणि गोगलगाय कशी फोडायची ते जमेना म्हणून चोच वासून उभी राहायची.

पोळ्याच्या आधी भैयाजी आला. कमळेने चिमूरला जाणाऱ्या एकाजवळ निरोप दिला होता. ओसरीवर बसून तो पुन्हा बशीकडेच बघत होता. कमळा आतून आली आणि त्याच्यासमोर बसली. गाल भरायला लागले होते.

"घिऊन जाले आलो," तो म्हणाला.

"माहीत हाय. पण मी बिमार होती तवा तुमी एकदा बी नाई आले."

"माय येऊ देत नव्हती." मग त्याला स्वतःलाच ते पुरेसं वाटलं नाही. "मले बी भेव वाटत होता."

"मले बी वाटत होता," कमळा म्हणाली. "आता मिरचीची लावणी चालू हाय. थे झालं का येतो. तवर राहा इथी."

तो राहिला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी संध्याकाळी टोपली घेऊन वाफ्यांत उतरायचा आणि पाखरांच्या नजरेतून सुटलेल्या गोगलगाई वेचायचा. नानाजी त्याला कोणत्या पानामागे बघायचं ते दाखवायचा. मनकर्णा बांधावरून बघायची. त्या दोन पुरुषांमध्ये फारसं बोलणं होत नसे, पण टोपली दोघांत मिळून उचलत.

लावणी संपली आणि कमळा निघाली. मनकर्णाने वांगी, दोडके, तांदळाची पुरचुंडी गाडीत ठेवली, गोळ्यांची पुडी लेकीच्या पदराच्या गाठीत बांधली, आणि गाडी नाल्याच्या उतारावर वळेपर्यंत उभी राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं नाही. घरात येऊन तिने भात वाढून घेतला, पोटभर जेवली, आणि भरदुपारी ओसरीवर आडवी झाली. कित्येक महिन्यांत तिने दुपारी पाठ टेकली नव्हती. नानाजी बाडीतून आला तेव्हा ती घोरत होती. त्याने दाराशी येणाऱ्या आशाबाईच्या नातवंडांना बोटाने गप्प केलं, आणि आवाज होऊ नये म्हणून वहाणा हातात घेऊन मागच्या दाराने परत गेला.